आडोशाचा उजेड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी
फ्रिजचा खालचा खण रिकामा केला.
माघापासून अडवला होता.
आठ महिने माझी कोथिंबीर
ओल्या फडक्यात, ओट्यावर.

तेवीस बटाटे. काही लिंबाएवढे,
काही सुपारीहून जरा मोठे, साल सुरकुतलेली.
गेल्या थंडीत खिडकीच्या जाळीत,
रंगाच्या बादल्यांतून निघालेले पावणेतीन किलो,
त्यातले हे बियाण्याला राखलेले.
मी अंड्यांचा ट्रे दिला.
सासरे माळकरी. आधी दोन दिवस
तो उन्हात ठेवला, मग हात लावला.

तुर्भ्याच्या मार्केटात एकतीस वर्षं
बटाटाच वाहिला या माणसाने,
ट्रकमधून गाळ्यात, गाळ्यातून टेम्पोत.
मानेखाली अजून घट्टा आहे.
पण डोळा वर ठेवायचा की खाली,
अंधारात की उजेडात, ठाऊक नव्हतं.
पाठीला कुठून कळणार.

मग जुनी डायरी निघाली.
सु. भो., मंचर.
गोणीवर हिरव्या रंगात हीच अक्षरं असायची.
वजनात खोट नाही, तळाला माती नाही.
माणूस पाहिलेला एकदाच,
गाळ्यात बशीने चहा पिताना.

फोन मुलाने उचलला.
"बाबा गेले चैत्रात. आपण कोण?"
"मी कोपरखैरण्याहून...
तुमच्या गोण्या उतरवायचो."
दोघंही मग गप्प.
शिट्टी होऊ नये म्हणून
मी कुकरखालचा गॅस बारीक केला.
"अंधारात नका ठेवू," तो म्हणाला,
"कोंब पांढराफटक लांबतो, हात लागला की मोडतो.
उन्हातही नको. आडोशाचा उजेड बघा.
जास्त डोळे ती बाजू वर."

आडोशाचा उजेड आमच्या घरात
एकाच जागी: चपलांच्या रॅकवर.
येणारा-जाणारा विचारतो.
शेजारच्या विमल गायकर हसल्या,
"आमचा करांदा कोपऱ्यात टाकला तरी फुटतो,
त्याला कुठला ट्रे!"

परवा शिफ्टवरून उशीर झाला,
भाजीला घरात काही नाही.
खोटं कशाला बोलू, एक उचललाही.
अंगठ्याला कोंब लागला,
आखूड, जांभळा, टणक,
हिरडीतून पहिला दात लागतो तसा.
परत ठेवला. पिठलं केलं.

सकाळी मामांनी मोजले.
बावीस. तेवीस.
"हा एक उलटा ठेवलाय कुणीतरी,"
म्हणाले, माझ्याकडे न बघता,
आणि वळवला.