फाटक

दारव्ह्याच्या बसमधला कंडक्टर ओरडतो : फाटक, फाटकवाले!
आणि आम्ही दोघं उतरतो
जिथे फाटक नाही.
एक पानठेला, एक हातपंप,
चुना उडालेला एक लोखंडी खांब
आणि त्याला बांधलेली कुणाची तरी बकरी.

मी मोजणी खात्यातला. शिपायाच्या खांद्यावर यंत्र,
आभाळातल्या उपग्रहांशी बोलणारं.
भांडण धुऱ्याचं. ठवरे म्हणतात इथवर लाईन,
गावंडे म्हणतात, लाईन पार तिकडे, हे वावर आमचं.
नकाशात ती आहे : बारीक दुहेरी रेघ,
नाल्यावरून येते, तुरीतून जाते,
कपाशीपाशी जराशी डावीकडे वळते.
जमिनीवर काही नाही.
हद्दीचे दगड कधीच कुणाच्या चुलीला लागले,
रूळ लिलावात गेले, खडी घरांच्या पायव्यात.
स्लीपरचं विचारलं तर सगळे पान थुंकायला उठतात,
पण गोठ्यांना एवढे जाड सागवानी खांब
मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिले नाहीत.

"जंगलू कुमरेले बलावा," कुणीतरी म्हणालं.

आले. एकतीस वर्षं कीमन.
यंत्राकडे पाहिलं त्यांनी
न विचारता आलेल्या सोयऱ्याकडे पाहावं तसं.
"मले काय करा लागते?"
लाईन कुठून जायची, तेवढं दाखवा.
"दाखवाले काय हाये? चालतो ना."

आणि चालू लागले.
पाऊल आखूड. पुन्हा आखूड. पुन्हा नेमकं तेवढंच.
मोकळ्या रानात माणूस असा चालत नाही.
असा चालतो तो, ज्याला अजून पायाखाली
दोन लाकडांमधलं अंतर दिसतं.
मधेच उजवा हात उचलला जायचा,
हातोडीशिवाय,
आणि खाली यायचा, आवाजाशिवाय.
धुऱ्यावरून फुलाबाई हसली :
"वरातीतई असेच चालतात. नवरदेव मांडवात,
आन् हे अजून मारुतीच्या पारापाशी!"

सोयाबीन गुडघ्याच्या वर. ते डावीकडे वळले
जिथे वळायला काहीच नव्हतं.
मी पडद्यावरचे आकडे पाहिले, मग नकाशा.
एक वीतभर फरक.
तोही, मला वाटलं, नकाशाचाच असेल.
ठवरे गप्प. गावंडेंनी विडी विझवली.

नाल्याच्या काठी ते थांबले.
समोर पुलाचे दोन दगडी खांब,
मधे काहीच नाही, एक बगळा.
"इथं म्हशी पान्यात असल्या का गाडी उभी राहे," म्हणाले,
"डायवर शिट्टी नाई मारे. बसून राहे."

पलीकडे?

"पलीकडचा तुकडा माहा नाई. शेख हबीबचा."

हबीब कुठे राहतात?

त्यांनी टाचेनं मातीचं ढेकूळ फोडलं.
"मांगच्या पोयाले गेला तो."

वहीत मी तारीख घातली, पंचांच्या सह्या घेतल्या,
जंगलूंचा अंगठा नको म्हटलं, तर त्यांनी सही केली, पूर्ण नावानं, हुद्द्यासकट.
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
नाल्यापलीकडील हद्द
जाणकार इसमाअभावी
निश्चित करता आली नाही.