कोठीतला बल्ब

एतेल्का काकूंनी एकतीस वर्षं
उय्पेश्तच्या कारखान्यात बल्ब जायची वाट पाहिली.
नोकरीच तशी होती.
लांबच लांब दालन, मांडण्यांवर चारशे बल्ब
दिवसरात्र चालू, आणि ही बाई वही घेऊन
रांगेरांगेनं फिरायची: कोण गेला, किती वाजता.
"गेला" एवढंच लिहायचं. कारणाला वेगळा रकाना:
तार तुटली, काच काळवंडली, टोपी सैल.
उन्हाळ्यात डब्यातलं लोणी वितळायचं तिथं.
जानेवारीत मात्र इतर खात्यांतल्या बायका
काहीतरी निमित्त काढून हात शेकायला यायच्या.

खोक्यावर हजार तास छापलेले.
लोकांना वाटायचं, वचन आहे.
"वचन कसलं," काकू म्हणतात, "सरासरी ती.
निम्मे आधी जातात, निम्मे नंतर.
आमचा ओत्तो आधीच्यांतला."

मी वरच्या मजल्यावर राहतो. शिडी माझ्याकडे,
त्यामुळे त्यांच्या घरातला प्रत्येक मृत्यू मला माहीत.
संडासातला पिळदार सीएफएल वर्षभरात गेला.
दहा हजार तासांचा ऐवज, पण
दर खेपेला चालू-बंद, चालू-बंद.
"जळून नाही, उठाबशांनी मेला बिचारा."
हॅलोजन होता दोन हजारांचा,
तो काचेवरच्या तेलकट बोटाच्या डागानं गेला.
बोट माझं.

गेल्या ऑक्टोबरात मी एलईडी आणला.
पंचवीस हजार तास, म्हणालो, जरा मिरवतच.
त्यांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर गणित मांडलं:
रोजचे पाच तास, म्हणजे पाच हजार संध्याकाळी,
म्हणजे तेरा वर्षं आठ महिने.
त्यात आपलं वय मिळवलं. एकोणऐंशी.
पेन्सिल ठेवली.
"मग हा कुणाच्या नावावर करून ठेवू?"

जूनमध्ये गेला तो.
काकूंनी सुरीनं उघडला, चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं.
"हे पिवळे ठिपके ठणठणीत आहेत रे.
यांना पोसणारा कपॅसिटर फुगलाय."
आणि इतक्या खूश झाल्या
की मला जर्दाळूची पालिंका पाजली, सकाळी दहाला.

पण मला सांगायचंय ते कोठीबद्दल.
स्वयंपाकघराला चिकटून, दोन हात रुंद, खिडकी नाही.
तिथला बल्ब चौऱ्याहत्तर साली ओत्तोनं लावलेला,
साधा चाळीस वॉटचा,
कारखान्यातून बायकोनं कोटाच्या खिशातून आणलेला.
पन्नास वर्षं! मी म्हटलं, हा तर अमर.
काकूंनी मान हलवली. वर्षं मोजायची नसतात.
दिवसातून तीनदा आत जायचं, मिनिटभर,
बटाटे घ्यायला, नाहीतर आलुबुखाराच्या मुरंब्याला.
रोजची तीन मिनिटं. वर्षाचे अठरा तास.
"आत्ता नऊशे तेरावर आहे."

मग माझ्या लक्षात आलं,
त्या कोठीत अंधारातच जातात.
बरण्या बोटांनी ओळखतात: रुंद तोंडाची काकडीची,
फडकं बांधलेली मुरंब्याची.
एकदा पाप्रिका म्हणून दालचिनी घेऊन आल्या.
आम्ही तसंच जेवलो.

नाताळच्या आधी माझी बोग्लार्का
तिथून सफरचंद आणायला गेली
आणि दिवा तसाच ठेवून आली.
रात्रभर दाराखाली पिवळी रेघ असणार.
अकरा तास!
सकाळी कळलं तसा अनवाणीच खाली धावलो, माफी मागायला.

कोठीचं दार सताड उघडं.
काकू बटाट्यांच्या पेटीवर बसलेल्या, हातात कॉफी,
बल्ब चालूच.
"थांब," म्हणाल्या, "वरच्या फळीवर बघ, कोपऱ्यात.
ब्याऐंशी सालचा मुरंबा. मी समजत होते, संपला."
बरणीवरच्या चिठ्ठीवर ओत्तोचं तिरपं अक्षर.

सवयीनं माझा हात बटणाकडे गेला.
त्यांनी तो मनगटाला धरून
खाली घेतला.