उत्तर

माझी खुर्ची वर, काचेच्या खोलीत. कानांवर यंत्र.
खाली सदनात सीलच्या कातड्यानं मढवलेली बाकं.
ओलीपिका नुतारालुक उठते, चष्मा शोधते,
सापडत नाही. मग कागदाची घडी
तशीच बाकावर ठेवून देते.

सभापती म्हणतात, अडीच मिनिटं.

ती आमच्या भाषेत बोलते, मी इंग्रजीत आणतो.
"गावात पाण्याचे ट्रक दोन.
एक नोव्हेंबरपासून बंद आहे.
दुसरा लुतीए चालवतो,
आणि लुतीएच्या खांद्याचं परवा ऑपरेशन."
कुणीतरी हसतं. ती थांबते, त्याचं हसू संपू देते.
"घरच्या टाक्या आता आठवड्यानं भरतात.
शाळा मंगळवारी सुटली ती सुटलीच.
माझ्या नणंदेला जुळं झालंय.
ती तळ्यावरचा बर्फ फोडून आणते, वितळवते.
जुना निळा बर्फ चहाला फार चांगला.
पण दुपटी धुवायला किती फोडायचा?"

इथं मी अडखळतो. इंग्रजीत नणंद, जाऊ, भावजय
एकाच पोत्यात.
पोतं उचलतो, पुढं जातो.

घंटा.
ती विचारते, सदनाची हरकत नसेल तर पुरं करू?
इथला नियम असा की हरकत असणाऱ्यानं बोलायचं.
गप्प राहिलं की संमती.
सगळे गप्प.

"हा नियम मला माहीत आहे," ती म्हणते.
"माझे आजोबा लहान असताना बोटीतून एक साहेब उतरला.
त्यानं माझ्या पणजोबांना विचारलं,
तुमचे तंबू वर हलवले, आणखी उत्तरेला, तर चालेल ना?
पणजोबांनी नाक मुरडलं.
साहेबानं वहीत लिहिलं, काही बोलला नाही, सबब राजी आहे.
सप्टेंबरात आम्ही तिथं होतो
जिथं तेव्हा कुणीच राहत नव्हतं. अजून तिथंच आहोत.
ट्रक मागतोय, तेही तिथलेच."

आमच्यात भुवया उचलल्या की हो,
नाक मुरडलं की नाही.
तोंड उघडायचं काम नाही. थंडीत
तोंड जितकं बंद तितकं बरं.
ओलीपिकाच्या आईनं तर सबंध लग्न
भुवयांवर ठरवलं, असं लोक सांगतात.

प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्री उठले.
पंप दक्षिणेच्या गोदामात आहे,
हवामान निवळताच विमानात चढेल.
नव्या ट्रकबाबत शासन सकारात्मक आहे.
पाहणी करणारी समिती नेमली जाईल,
समितीचा अहवाल येईल,
अहवालाचा अभ्यास केला जाईल.
मी हे सगळं आमच्या भाषेत केलं.
'सकारात्मक'ला शब्द नव्हता,
तिथं नुसतं 'मंत्री बरे दिसतात' असं म्हटलं.

सभापतींनी विचारलं,
माननीय सदस्यांचं समाधान झालं?

ओलीपिकानं नाक मुरडलं.

रेडिओ चालू होता.
पंधराशे मैलांवर, दुकानात, दवाखान्यात, ट्रकच्या केबिनमध्ये
लुतीएच्या मांडीवरल्या थर्मासपर्यंत
फक्त सदनातल्या हीटरची घरघर पोचत होती.
बोललेलं तेवढंच भाषांतरित करायचं,
असं माझ्या करारात आहे, कलम चार.
मी माइकजवळ वाकलो
आणि दोन्ही भाषांत म्हणालो, नाही.

सभापतींनी काचेकडं वर पाहिलं.
मी पाण्याचा ग्लास उचलला. नळाचं पाणी होतं,
राजधानीतलं. प्यायलो.

दुसऱ्या दिवशी कामकाजाचा छापील वृत्तान्त आला.
सदस्यांच्या नावापुढं: उत्तर नाही.

मी दुरुस्तीचा अर्ज दिला.
शब्द बरोबर आहेत, मी लिहिलं,
मध्ये दोन टिंबं हवी होती.

अर्ज विचाराधीन आहे.
पंप पोचला म्हणतात, पण नळी वेगळ्या मापाची.
लुतीए एका हातानं ट्रक चालवतो,
दुसरा गळ्यात बांधलाय.