तीन स्तोत्रं होईतो

वहीत माप नाही, घड्याळ नाही.
"फळं सोलून चिरून घे, साखर भारंभार,
आच मंद,
आणि तीन स्तोत्रं म्हणून होईतो
पळी थांबवू नकोस."
खाली नाव: दाउत्सन. साल सोळाशे ब्याऐंशी.
कोपऱ्यात एक तपकिरी ठसा,
पाकाचा असेल किंवा बोटाचा,
बहुधा पाकातल्या बोटाचा.

बाउक्ये म्हणाली, वीस मिनिटं.
तिनं मोबाइलवर तिन्ही स्तोत्रं लावून मोजली होती.
लीउवार्डनच्या त्या बारक्या संग्रहालयात,
मागच्या खोलीत, विजेच्या शेगडीवर
विसाव्या मिनिटाला मुरंबा उतरला:
पिवळा,
कावीळ झालेल्या डोळ्यासारखा.
वहीत तर लिहिलेलं, "माणकासारखा झाला की थांब."

मग तांब्याचं पातेलं आणलं. पिवळाच.
मग फळं बदलली,
स्नेकच्या एका म्हाताऱ्याच्या परसातली,
अंगावर लव असलेली, दगडासारखी.
पातेलं घासता घासता रींक म्हणाला,
"खोटं लिहिलं असेल बाईनं.
स्वयंपाकातलं खरं कोण सांगतं?"

क्विन्स म्हणतात त्या फळाला.
आपण त्याचं झाड बघितलेलं नसतं,
पण बी ओळखीचं असतं,
काष्ठौषधीच्या दुकानातल्या पुडीतला बेहदाणा,
कोरड्या खोकल्यावरचा.
फळ वाटेत कुठंतरी राहिलं,
बी एकटंच आलं आपल्याकडे.

तर बाउक्येचं मूळ काम कपड्यांचं.
त्या हिवाळ्यात ती दाउत्सनच्या काळातली चोळी शिवत होती.
चोळी म्हणायची इतकंच,
छातीपासून कमरेपर्यंत उभ्या पट्ट्यांचा पिंजरा.
तेव्हा त्या देवमाशाच्या जबड्यातून यायच्या.
हिनं वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून घातल्या
आणि कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी अंगावर घालून बघितली.
रींकनं पाय भिंतीला लावून नाड्या ओढल्या.
शेगडीवर पातेलं होतंच, चौथ्यांदा,
आता नुसतं जिरवायचं म्हणून.
आच वाढवायला ती वाकायला गेली,
आणि वाकताच येईना.
राहू दे, म्हणाली. लांब पळी घेतली,
ताठ उभी राहून ढवळू लागली,
आणि सवयीनं गाऊ लागली.

श्वास पोटात उतरेचना.
गळ्याखाली टीचभर जागा, तेवढाच.
दोन शब्द, थांबा.
एक शब्द, थांबा.
जुनी माणसं चर्चमध्ये
एकेका अक्षरावर एकेक श्वास टाकत गायची,
हे तिनं कुठंतरी वाचलं होतं.
वाचलेलं आणि बरगड्यांना कळलेलं
यांत बरंच अंतर असतं.
पहिलं स्तोत्र संपता संपेना.
दुसऱ्याच्या मध्यात रींक मोबाइल खिशात घालून
पातेल्यापाशी आला
आणि तिथंच उभा राहिला.

बाहेर कालव्यावर दिवे लागले.
तिसऱ्या स्तोत्राच्या शेवटच्या ओळीला
पळी उभी राहत होती.
माणिक कुणी बघितलंय नीट?
पण डाळिंबाचा दाणा उजेडात धरावा तसं काहीतरी
तळापासून वर आलं होतं.
"बाई खरं बोलली," रींक म्हणाला,
आणि जीभ भाजून घेतली.

बाउक्ये काही बोलली नाही.
बोलायला श्वास नव्हता.

नाड्या सोडल्यावर तिनं पुढचं पान उलटलं.
"बिया टाकू नकोस. पाण्यात ठेव.
चिकट झालं की केसांना लाव,
टोपीखालून बट सुटत नाही."
एवढंच. शेजारी त्याच बोटाचा ठसा, फिकट.

घरी जाताना समोरून वारा, सायकल रेटत नाही.
रींकचं जाकीट फडफडतंय,
पुलावरचा झेंडा, बदकांची पिसं,
कुणाची तरी टोपी थेट पाण्यात.
बाउक्येच्या कानशिलावरची एक करडी बट
तेवढी हलत नाही,
दाउत्सननं सांगितलेल्या जागी बसलेली.