चांदणीचं वजन

एकतीस वर्षं मी ट्रकांच्या मरणाचे दाखले लिहिले.
विमा कंपनीचा सर्व्हेअर. टेप, टॉर्च, कार्बनपेपर.
नळदुर्गच्या वळणावर, कधी टेंभुर्णीच्या पुलाखाली
चेसिसवर खडूनं लिहायचो : टोटल लॉस.
मग हात झटकून चहा.

आता दर रविवारी मुळेगाव फाट्याच्या पुढं
नदाफांच्या भंगारात
एका मेलेल्या गाडीखाली उताणा पडलेला असतो.
बायको म्हणते, प्रायश्चित्त.
मी म्हणतो, गुडघ्यांना ऊन मिळतं.

टाटा-मर्सिडीज. मल्लिनाथ अचलेरे म्हणतो बासष्टची,
शब्बीर नदाफ म्हणतो चौसष्टची,
आणि ह्या दोन वर्षांपायी दोघं
दीड महिना बोलत नव्हते एकमेकांशी.
पाने मात्र देत होते, न बघता,
बरोबर त्याच नंबरचे.

बॉनेट वशिंडासारखं. केबिनमध्ये शिरलं
की अजून वास येतो : डिझेल, कांद्याची टरफलं,
कोऱ्या चादरीची खळ.
बेझवाड्यापर्यंत जायच्या ह्या गाड्या, गाठोडी लादून,
घाटात पहिल्या गिअरवर, माणूस शेजारून चालत पुढं जाईल अशा.
मानहाइमहून एका म्हाताऱ्या फिटरनं गॅस्केट पाठवलं
वर्तमानपत्रात गुंडाळून. सोबत पत्र, जर्मनमध्ये.
मल्लिनाथनं ते आम्हाला कन्नडात वाचून दाखवलं,
म्हणजे आकृत्यांवर बोट ठेवून.
सगळं कळलं. नट किती आवळायचा तेही.

फक्त नाकावरची चांदणी नव्हती.
तीन भोकं होती, गंजानं मोठी झालेली.

चांदणी सापडली नीलमनगरात.
नरसव्वा बोद्धूल यांच्या मागाला, पाठीमागच्या बीमला
तारेनं बांधलेली, एक बेअरिंग आणि अर्धी वीट यांच्या जोडीला.
ताण धरून.
"न्या की," त्या म्हणाल्या. "पण आधी तेवढंच वजन आणून लावा.
ताणा सैल पडला तर टॉवेलला पोट येतं."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तोलली.
तीनशे ऐंशी ग्रॅम.
लेलँडचा एक नट, चार वायसर,
शेवटचे दहा ग्रॅम भरेनात म्हणून शब्बीरनं
खिशातली कुलपाची किल्ली घातली. कुठल्या कुलपाची, त्यालाही आठवेना.

पुढच्या रविवारी त्या रिक्षानं आल्या. इंजिन ऐकायचंय म्हणाल्या.
मल्लिनाथनं बटण दाबलं. खोकला. काळा धूर.
मग सहाही सिलिंडर एका ठेक्यात लागले
आणि पत्र्यांवरची चिमण्यांची रांग उठली.
त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला,
ताप बघावा तसा.

"कादु," म्हणाल्या. मग आमच्यासाठी मराठीत : "ही नव्हे.
आमची मधेच एकदा अडखळायची, ठेच लागल्यागत.
रात्री अशोक चौकात वळली की तेवढ्यावरून
मी तवा ठेवायची."

"मग ती कुठं गेली?" शब्बीरनं विचारलं.

"उमरग्याच्या पुढं. ब्याऐंशी साली.
गाडी तिथंच राहिली. हे परत आले,
खिशात एवढं घेऊन.
पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, मागावर बसले.
विम्याचा एक पोरगा आला होता टेप घेऊन.
बारीकसा. सारखा घड्याळ बघायचा."

त्या भागात तेव्हा आम्ही तिघं होतो सर्व्हेअर.
तिघंही बारीकच.
मी गाडीचा नंबर विचारला नाही.

रिपोर्टात शेवटी एक रकाना असायचा, गहाळ वस्तूंचा.
स्टेपनी, जॅक, ताडपत्री.
"पुढचं चिन्ह" अशी एक ओळ माझ्या अक्षरात
कुठल्यातरी फायलीत असेल.
नसेलही.

मल्लिनाथनं विचारलं, मग ही ह्या गाडीला लावायची का?
"लावा की. तिथं नुसती लोंबत होती."
त्यानं बोल्ट आवळले. आम्ही लांब जाऊन बघितलं.
"जरा डावीकडं कलली," त्या म्हणाल्या.
मी पाना घेतला.