काळे दाणे

घरात सगळीकडे सापडतात
टर्फवरचे ते रबराचे काळे दाणे.
मोज्यांच्या शिवणीत, मशीनच्या जाळीत,
काल तर वरणात एक,
मोहरी समजून निखिल चावत बसला.

चार वर्षं झाली.
घणसोलीहून सीवूड्स, आठवड्याच्या चार संध्याकाळी,
आणि रविवारी सहाला
फॉइलमध्ये अंड्याची पोळी,
मागच्या सीटवर ऋजुता,
नडगीला गार्ड बांधून, तोंड उघडं टाकून झोपलेली.

जाळीबाहेर आम्ही उभे.
तनिष्काचे बाबा वहीत पास मोजतात.
स्पृहाची आई म्हणते, मी काही बोलतच नाही हो,
आणि पूर्ण हाफभर बोलते.
मीही. परवा पंचाला,
मिसरूड न फुटलेला पोरगा तो,
ओरडले : डोळे घरी ठेवून आलास का?
आवाज ओळखीचा वाटला.
माझ्या आईचा होता.

अँसेल्म सर वाईट नाहीत.
कुणाचा बूट चावतो ते त्यांना माहीत असतं.
पण एप्रिलात यादी लागते, रात्री अकराला, ग्रुपवर,
ए संघ, बी संघ,
आणि अंगठे उमटत जातात एकेक,
ज्यांच्या मुली वर गेल्या त्यांचे आधी.

करावे गावातली दीपिका म्हात्रे बीमध्ये गेली.
दोघी एका बाटलीतून पाणी प्यायच्या.
बोलू नका असं कुणीच सांगितलं नव्हतं.
नंतर तिच्या वडिलांनी फीचा दुसरा हप्ता भरला नाही
आणि तेही कुणी विचारलं नाही.
मी नंबर काढला होता. मग भाजी करपायला लागली.

मार्चमध्ये स्पृहाचा घोटा मुरगळला.
गाडीत, काचेकडे बघत ऋजुता म्हणाली,
आता दोन महिने लेफ्ट बॅक मीच.
हसली नाही.
हसली नाही हे बरं, की हेच वाईट,
सानपाड्याचा सिग्नल सुटला तरी मला ठरवता येईना.

पण हेही आहे :
मला बारा वर्षांची असताना खो-खोतून उठवलं.
कारण सांगितलं नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं.
मग मी हळू चालायला शिकले,
पुस्तकं छातीशी धरून.
आणि ही पाळीच्या दुसऱ्या दिवशी
घसरत जाऊन चेंडू काढते,
उठते, थुंकते,
मांडीवरचं खरचटलेलं दाखवते सगळ्यांना
पावती दाखवावी तसं.
हे कुठल्या पारड्यात टाकू?

फॉर्म टेबलावर. बहात्तर हजार.
गोव्याची स्पर्धा वेगळी, किट वेगळं.
निखिलनं कॅल्क्युलेटर उघडला, बंद केला.
म्हणाला, तिलाच विचारू.

तिनं पोळीचा घास संपवला.
म्हणाली, खेळते.
पण तुम्ही दोघं गाडीतच बसायचं.
काचा वर करून.

म्हणून आज आम्ही पार्किंगमध्ये.
शिटी ऐकू येते, कुणासाठी ते नाही.
रस्त्यापलीकडे हाय टेन्शनच्या तारांखाली
चपलांचे गोलपोस्ट करून पोरी खेळतायत.
तिथंही कुणीतरी कुणावर खेकसतंय.
त्यात दीपिका आहे का
इतक्या लांबून कळत नाही.
निखिल म्हणतो, उतरून बघू?
मी म्हणते, कुठल्या बाजूला?

पायाशी मॅटवर दाणे.
वेळ जावा म्हणून मी वेचत बसते,
तळहात भरतो,
वजन काहीच नाही.
टाकायला काच खाली करावी लागेल.