मुतखडा, दोन लाख पट

लिफ्टला पाटी लावली आहे: सकाळपर्यंत वापरू नये.
वर लोखंड हललं की खाली आमचं चित्र थरथरतं.
ट्रॉन्हाइमची शेवटची ट्राम गेली.
आता तळघरात पंपाची घरघर,
मी, आणि खोकला दाबून बसलेला आयलिफ.

गेल्या फेब्रुवारीत त्याला कळ आली
ती इथेच, या खुर्चीत.
"बाळंतपण असंच असतं का, तूरुन?" घामाघूम होऊन त्यानं विचारलं.
मी म्हटलं, नाही. तिथं शेवटी काहीतरी हातात येतं.
त्याच्याही हातात आला: तिळाएवढा,
काटेरी, चहाच्या रंगाचा.
जॅमच्या झाकणात घालून आणला त्यानं,
गळाला लागलेला पहिला मासा दाखवावा तसा.

आज तोच संसार आम्ही नव्यानं मांडलाय.
दोन खिडक्या, मधे पाण्याचा पापुद्रा
केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा,
एका नळीतून कॅल्शियम, दुसरीतून ऑक्झलेट.
झोत मंद. आणखी मंद.
इलेक्ट्रॉन म्हणजे चांदणं नव्हे,
जे दाखवतात तेच भाजतात.
पहिल्या खेपेला मी हावरटासारखा उजेड वाढवला
आणि पाण्याला बुडबुडे फुटून सगळं पुसलं गेलं.

एक वाजून दहा मिनिटं. करड्यात गडद ठिपका.
नव्हता. आहे.
या दोहोंमधला क्षण
सेकंदाला चारशे चित्रं घेऊनही
मला अजून एकदाही सापडलेला नाही.
मग कड येते. मग कोपरा.
दुसरा एक शेजारी येऊन घुटमळतो,
वळतो, पुन्हा वळतो, रांगेला रांग जुळेपर्यंत,
आणि झटकन चिकटतो.
सांधा कुठे होता, विचारू नका.

"आता लिंबू सोड," आयलिफ कुजबुजतो.
सायट्रेट म्हणत नाही आम्ही त्याला.
डॉक्टरच्या धाकानं वर्षभर रोज पेलाभर प्यायलाय तो
तोंड वाकडं करत.
थेंब पोचतो. पुढे सरकणारी पायरी अडखळते,
कोपरे बोथट होत जातात.
"बघ, बघ!" तो ओरडतो, आणि चित्र हलतं.

मला आनंद होतो, पण माझा धर्म संशयाचा:
लिंबानं थांबला, की आमच्या बघण्यानं?
मी खिडकीच्या त्या टोकाला सरकते
जिथं रात्रभरात एकदाही झोत पडलेला नाही.

तिथे, कुणाचीही नजर न लागता,
बोथट कोपऱ्यांचे सात खडे.

आयलिफ मोजतो. पुन्हा मोजतो.
मग पेला घेऊन उठतो.
लिंबं चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये,
लिफ्ट बंद.
जिन्यात त्याचे जड बूट,
आणि पडद्यावर सातही खडे
पायरीगणिक किंचित थरथरतात.